किट नंतर घ्या, आधी ओढा चालून या

भोर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: शाळेमागून ओढा वाहतो. आठवी-नववीच्या तीसेक मुलांकडून त्याच्या पाण्याची नियमित तपासणी करून घ्यायची आहे. पालकांनी मिळून दहा हजार रुपये जमवलेत. कोणतं किट घ्यावं, कोणत्या चाचण्या कराव्यात, आणि मुलांनी काढलेल्या आकड्यांना कुणी किंमत देईल का?

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. गेली सतरा वर्षं शाळांबरोबर हेच काम करतो आहे, पुण्याच्या राम नदीवर आणि मुळशीतल्या लहान ओढ्यांवर. त्या अनुभवावरून लिहितो.

बाई, पहिल्या महिन्यात त्या दहा हजारांतला एक रुपयाही खर्च करू नका. कितीतरी शाळांच्या कपाटात मी पाणी तपासणीची किटं पाहिली आहेत. कार्यक्रमाच्या दिवशी एकदा उघडलेली, फोटो काढलेली, आणि मग बाटल्यांवरची मुदत संपेपर्यंत तशीच पडून राहिलेली. त्यात शिक्षकांचा आळस नव्हता. मुलांना त्या ओढ्याबद्दल काही विचारायचं आहे का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲन आर्बर गावी 1984 मध्ये ह्यूरॉन हायस्कूलच्या मुलांनी नदीचं पाणी तपासायला घेतलं, कारण त्याच नदीत खेळलेल्या त्यांच्या सोबत्यांना कावीळ झाली होती. प्राध्यापक विल्यम स्टॅप यांच्या मदतीने सुरू झालेलं ते काम पुढे अनेक देशांतल्या शाळांपर्यंत गेलं. तिथे प्रश्न आधी आला, बाटल्या मागून आल्या.

तेव्हा पहिला महिना ओढा चाला. शाळेपासून वर, जमेल तितकं उगमाकडे, आणि खाली पुढच्या गावापर्यंत. मुलांना कागदावर नकाशा काढायला लावा: धुण्याची जागा, गोठे, पोल्ट्री, भातखाचरं, गाड्या धुतात ती जागा, दहाव्याचा घाट, गटार मिळतं ते तोंड, जुना बंधारा. घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा की ओढ्याला पूर्वी काय मिळायचं. वांब, झिंगे, खेकडे, कुठल्या डोहात पोहायला शिकले, केव्हापासून बंद झालं. ही माहिती कुठल्याही मीटरवर येत नाही आणि दहा वर्षांनी ती सांगणारं कुणी उरणार नाही.

चालताना एक गोष्ट मुलांच्या हाती द्या. आपला ओढा कातळातून पाझरलेल्या पावसाच्या पाण्यावर जगतो. दिवाळीपर्यंत धार चांगली असते, संक्रांतीला बारीक होते आणि शिमग्याच्या सुमारास बहुतेक ठिकाणी आटते. मग ज्या ठिकाणी ओढा मार्च-एप्रिलमध्येही वाहतो आहे, तिथे ते पाणी कुणाचं? कधी तो जिवंत झरा असतो, कधी कालव्याची गळती असते, आणि वस्तीच्या खाली बहुधा सांडपाणी असतं. राम नदी खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावते, भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण करत औंधपाशी मुळेला मिळते. उन्हाळ्यात वरचं पात्र कोरडं आणि शहरातलं पात्र वाहतं. मुलांना मी हे दोन्ही एकाच दिवशी दाखवतो. प्रदूषणावरच्या कुठल्याही तासापेक्षा तो एक दिवस त्यांच्या जास्त लक्षात राहतो.

आता जागा. तीनच निवडा: गावाच्या वर, गावाची सगळी घाण मिळून झाल्यावर लगेच, आणि तिथून आणखी अर्धा किलोमीटर खाली. तिसरी जागा लोक सोडून देतात, पण ओढा स्वतःला किती सावरतो ते तिथेच कळतं. प्रत्येक जागेला एक न हलणारी खूण ठेवा, साकवाचा खांब किंवा मोठी धोंड. महिन्यातून दोन शनिवार, सकाळची शाळा सुटण्याआधी, दर वेळी त्याच वेळेला. वर्षभर. वीस चाचण्या एकदा करण्यापेक्षा चार चाचण्या चोवीस वेळा केलेल्या मला हव्या आहेत.

वेळेचा आग्रह का, ते एका प्रसंगावरून सांगतो. एका शाळेच्या मुलांना गटाराखालच्या हिरव्यागार डोहात दुपारी साडेतीनला विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे बारा मिलिग्रॅमच्या आसपास मिळाला. पुण्याच्या उंचीवर आणि त्या तापमानाला हवेतून पाण्यात जास्तीत जास्त सव्वासातच्या आसपास मावतो. मुलांना वाटलं आपली चूक झाली, आणि त्यांनी वहीतला बारा खोडून सहा लिहिलं. खरं म्हणजे मोजमाप बरोबर होतं. सांडपाण्याच्या खतावर शेवाळ माजलेलं होतं आणि ते उन्हात भराभर ऑक्सिजन सोडत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी साडेसहाला त्याच डोहावर गेलो, तेव्हा दोनसुद्धा भरला नाही. रात्रभर त्याच शेवाळाने आणि कुजणाऱ्या घाणीने तो खाल्ला होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत माशांसाठी किमान 4 आणि स्नानाच्या पाण्यासाठी किमान 5 मिलिग्रॅम लागतो. दुपारी पाहिलं तर डोह उत्तम आणि पहाटे पाहिलं तर मेलेला. मासे पहाटे मरतात.

त्या खोडलेल्या बारावर मी थांबलो, कारण माझ्या मते या सगळ्या कामाचा गाभा तोच आहे. आपल्या शाळांत प्रयोग म्हणजे उत्तर आधी ठरलेलं असतं. पुस्तकात जे आहे ते आलं नाही तर मूल शेजारच्या वहीत बघतं आणि आकडा जुळवतं. वर्षानुवर्षं आपण त्यांना हेच शिकवलं आहे. ओढ्याला उत्तरसूची नसते. म्हणून वहीचे नियम पहिल्याच दिवशी सांगा: पक्की बांधलेली वही, लिहायला पेन, खोडरबर बंद. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता यायला हवा. दोन गट एकमेकांना न दाखवता मोजतील आणि दोन्ही आकडे लिहिले जातील. आकड्यांत फरक पडला तर कुणालाही ओरडायचं नाही, तिसऱ्यांदा मोजायचं. शेवटचा पाऊस कधी पडला, पाण्याला वास कसला आला, कुणी मोजलं, हे दर वेळी. ज्या दिवशी एखादं मूल म्हणेल, “सर, हा आकडा विचित्र आहे पण तोच आला,” त्या दिवशी तुमचा उपक्रम खऱ्या अर्थाने सुरू झाला असं समजा.

आता काय मोजायचं. सगळ्यात आधी धार. पैसे लागत नाहीत आणि बहुतेक जण ती मोजतच नाहीत. सरळ दहा मीटरचा तुकडा निवडा, संत्रं सोडा, किती सेकंदांत पोचतं ते तीनदा मोजा. रुंदी आणि चार-पाच ठिकाणची खोली काठीने मोजा. समजा रुंदी 2 मीटर, सरासरी खोली 15 सेंटिमीटर आणि वेळ 25 सेकंद. वरच्या पाण्याचा वेग सेकंदाला 0.4 मीटर, तळाशी पाणी हळू चालतं म्हणून त्याला 0.8 ने गुणायचं. उत्तर येतं सेकंदाला 96 लिटर, म्हणजे तासाला दहा हजार लिटरचे चौतीस टँकर. मुलं हा हिशोब घरी जाऊन सांगतातच. धार माहीत नसेल तर बाकीच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही, कारण तीच घाण ऑगस्टमध्ये विरून जाते आणि फेब्रुवारीत उठून दिसते.

दुसरं, तापमान आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. टीडीएसचा पेन हजार रुपयांच्या आत मिळतो. तो प्रत्यक्षात पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि तिला साधारण 0.5 ते 0.7 मधल्या गुणकाने गुणून आकडा दाखवतो. गुणक कंपनीप्रमाणे बदलतो. म्हणून लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये, बॅटरीत घालतात ते चालेल, तराजूवर मोजून एक ग्रॅम मीठ घाला आणि पेन बुडवा. कुणाचा हजार दाखवेल, कुणाचा चौदाशेच्या जवळ. दोन्ही पेन चांगले असतील, पण एकाच वहीत दोघांचे आकडे मिसळू नका. हे मिठाचं पाणी दर महिन्याला करा. पेन बिघडला तर मुलांना तुमच्याआधी कळेल.

सामू, म्हणजे पीएच, मोजायला कागदाच्या पट्ट्या पुऱ्या पडत नाहीत. आपल्या काळ्या कातळातलं पाणी मुळातच किंचित अल्कधर्मी असतं आणि ओढ्यातले फरक बहुधा सात ते साडेआठच्या आतलेच असतात. पट्टीवर ते ओळखू येत नाहीत. पेन घ्या, दर वेळी बफरच्या, म्हणजे सामू आधीच माहीत असलेल्या, द्रावणात तपासा, टोक सुकू देऊ नका. पेन सांभाळणारं एक मूल नेमा. ते काम मिरवण्यासारखं आहे हे तुम्ही वागण्यातून दाखवा.

गढूळपणासाठी मीटरभर लांबीची पारदर्शक नळी, खाली बूच, आतून तळाला काळं-पांढरं चकतं. पाणी ओतत जायचं आणि चकतं दिसेनासं होताच उंची लिहायची. 1865 मध्ये इटलीतल्या सेक्की नावाच्या धर्मगुरू-शास्त्रज्ञाने पांढरी तबकडी समुद्रात सोडून हेच केलं होतं.

ऑक्सिजनसाठी मीटर घेऊ नका, तुमच्या पैशांत चांगला येत नाही. थेंब मोजण्याचं किट घ्या. ते 1888 च्या विंकलरच्या पद्धतीवर चालतं. पहिली दोन द्रावणं टाकल्यावर बाटलीत साका धरतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो तपकिरी होतो आणि नसेल तर पांढराच राहतो. वरच्या जागेची तपकिरी आणि गटाराखालची पांढरी बाटली शेजारी ठेवा आणि काही बोलू नका. बाटली भरताना बुडबुडा राहता कामा नये, सगळ्या चुका तिथेच होतात. ॲसिड फक्त तुम्ही हाताळायचं आणि काही किटांत असतं ते सोडियम अझाइड विषारी आहे, तेही तुमच्याच हाती. वापरलेलं रसायन एका कॅनमध्ये शाळेत परत आणा. ओढा तपासायला जाऊन त्याच्यातच ओतून येणारे मी पाहिलेत, आणि मुलं ते बघत असतात.

जिवाणूंची काळी पडणारी बाटली, म्हणजे ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये मांडलेली हायड्रोजन सल्फाइडची चाचणी, ओढ्यावर वापरू नका. गुरं-माणसं येतात त्या उघड्या पाण्यात ती जवळपास नेहमीच काळी पडते, त्यातून नवं काही कळत नाही. ती शाळेच्या पिण्याच्या टाकीसाठी आणि विहिरींसाठी ठेवा. काळी पडलेली बाटली फेकण्याआधी आत ब्लीचिंग पावडरचं पाणी ओता.

आणि किडे. मला विचाराल तर मुलं या कामात टिकतात ती किड्यांमुळे. पुरणाची जुनी चाळण, पांढरा ट्रे, चमचा, भिंग, बस. खळखळाटात पाणी वाहतं तिथले दगड उचलून चाळणीत धुवायचे, वीस मिनिटं, मग ओळखून मोजून सगळ्यांना परत सोडायचं. तीन शेपट्या आणि पोटाच्या कडांना हलणारे कल्ले ती मेफ्लायची पिल्लं. दोन शेपट्यांची स्टोनफ्लायची. वाळूचे कण चिकटवून स्वतःला घर बांधते ती कॅडिसची अळी. मुळशीतल्या मुलांनी त्यांना तीनशेपटी, दोनशेपटी आणि गवंडी अशी नावं दिली होती, आणि मीही आता तीच वापरतो. हे तिघं भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यात राहतात. चतुर आणि टाचणी (चतुरासारखाच बारीक किडा) यांची पिल्लं, खेकडे, शिंपले मधले, थोड्या कमी ऑक्सिजनवरही भागवणारे. लालभडक अळ्या दिसल्या तर त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं आणि ऑक्सिजन जवळपास नसला तरी त्या तग धरतात. फक्त त्याच उरल्या असतील तर काय ते समजा.

किड्यांचा मोठा उपयोग असा की ते मागचं सांगतात. रात्री बाराला कुणी मैल्याचा टँकर ओढ्यात मोकळा केला, तर सकाळी नऊला मीटरला काहीच सापडत नाही. पण तिथले तीनशेपटी गेलेले असतात आणि काही आठवडे परतत नाहीत. मात्र एक काळजी घ्या. मोठ्या पुरानंतरही ते वाहून जातात, म्हणून जोराच्या पावसानंतर तीन-चार आठवडे किड्यांवरून निष्कर्ष काढू नका. आणि गुणांचे जे तक्ते मिळतात त्यांतले बरेच ब्रिटनमधल्या नद्यांवरून केलेले आहेत, ते आपल्या ओढ्याला जसेच्या तसे लावू नका. तुमच्याच वरच्या जागेशी खालची ताडून बघा.

आता ज्या प्रसंगामुळे मी हे काम सोडू शकलो नाही, तो. एका शाळेची मुलं साकवापाशी आणि देवळापाशी टीडीएस मोजत. जानेवारीत धार मनगटाएवढी राहिली होती. दर शनिवारी साकवाला 240 आणि देवळाला 300 च्या आसपास. सगळ्यांनी गृहीत धरलं की मधल्या गोठ्यांचं पाणी. एकदा शनिवारी परीक्षा होती म्हणून मुलं रविवारी गेली. दोन्ही जागी जवळजवळ सारखा आकडा आला. नववीतली एक मुलगी म्हणाली, “गुरं रविवारची सुट्टी घेत नाहीत.” पुढच्या शनिवारी त्यांनी देवळापाशी दर पंधरा मिनिटांनी मोजलं. मधल्या सुट्टीनंतर आकडा चढायला लागला. मग काठाने चालत गेले आणि घाणेरीच्या झुडपाखाली पाइप सापडला. शाळेच्याच स्वच्छतागृहाचा शोषखड्डा भरला होता आणि वरचं पाणी ओढ्यात येत होतं.

मुख्याध्यापक दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही मागवली, पहिल्या पानापासून वाचली आणि मुलांना बोलावून विचारलं की खात्री आहे का. मुलांनी आठ शनिवारांचे आकडे दाखवले. मे महिन्यात नवा खड्डा झाला. पुढच्या जानेवारीत दोन जागांमधला फरक गेला होता, आणि तेही मुलांनीच मोजलं. त्या आठ शनिवारांपैकी एकाही शनिवारी कुणी आकडा जुळवला असता, तर मुलीचं ते वाक्य कुणी ऐकून घेतलं नसतं.

यातूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येतं. तुमच्या ग्रामपंचायतीत जलसुरक्षक, म्हणजे गावाच्या पिण्याच्या पाण्याकडे लक्ष ठेवणारा माणूस, आहे, जलजीवन मिशनमधून आलेलं तपासणीचं किट बहुधा तिथेच पडून असेल आणि गावातल्या पाच महिलांना ते वापरायला शिकवायचं असं त्या योजनेत आहे. त्यांना मुलांबरोबर ओढ्यावर न्या. त्या किटमधली क्लोराइड आणि नायट्रेटची चाचणी तुम्हाला लागेल, कारण माणसांच्या सांडपाण्यात मीठ जातंच. वर्षातून दोनदा तुमच्याच बादलीतला नमुना दोन बाटल्यांत भरा, एक भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या आणि दुसरा मुलांनी तपासावा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले की वहीला वजन येतं. मग 26 जानेवारी किंवा 1 मेच्या ग्रामसभेत मुलांना दहा मिनिटं मागा.

तिथे त्यांना एकच बंधन घाला: कुणाचं नाव घ्यायचं नाही. “साकव आणि देऊळ यांच्या मधे क्लोराइड वाढतं,” एवढंच. गावात पोल्ट्री ज्यांची, त्यांची मुलं तुमच्या वर्गात असतील. भांडण करायचं असेल तर ते मोठ्यांनी करावं आणि जबाबदारीही मोठ्यांनी घ्यावी. मुलांच्या आकड्यांवरून कुणावर कायदेशीर कारवाई होणार नाही. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्वतः नमुना घ्यावा लागतो. मुलांची वही त्यांना कुठे आणि किती वाजता यायचं ते सांगू शकते, आणि हे थोडं नाही.

सुरक्षेबाबत मी हट्टी आहे. पावसात आणि जोराच्या पावसानंतर दोन दिवस ओढ्यावर जायचं नाही, मग वहीत दोन ओळी कोऱ्या राहिल्या तरी चालतील. वर धरण किंवा बंधारा असेल तर पाणी कधी सोडतात ते आधी विचारा. दहा मुलांमागे एक मोठं माणूस. घोट्याच्या वर पाण्यात कुणी उतरायचं नाही, जास्त पाणी असेल तर साकवावरून दोरीला बादली. हातापायाला जखम असलेल्या मुलाने त्या दिवशी लिहिण्याचं काम करायचं. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस जखमेतून सहज शिरतो. गमबूट, हातमोजे, परतल्यावर साबणाने हात, मगच डबा. पालकांची लेखी परवानगी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधी घ्या.

नववीला जलसुरक्षा विषय आहे, त्याच्या प्रकल्पात हे बसवून टाका, वेगळा तास मागावा लागणार नाही. दहावीला मुलं सुटतात, म्हणून वही आठवीच्या हातात वेळेवर जायला हवी. मार्चमधल्या दोन शनिवारी दोन्ही वर्गांना एकत्र न्या. ओढा आटला असेल तर जिथे शेवटचं पाणी उरलं असेल तिथे. एकच बादली भरा, आधी नववीने मोजावं, मग आठवीने, आणि दोघांचे आकडे, जसे येतील तसे, एकाच पानावर लिहून दोन्ही वर्गांच्या सह्या घ्या.